बाहुल्यांच्या खोलीतल्या दासरी मॅडम

सोलापुरात मी आजारी पडायची नोकरी करत होते.

हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आता कुणाला सांगत नाही. पण होतं ते असंच. शहराच्या कडेला एका मोठ्या दवाखान्याचं नर्सिंग कॉलेज आहे. नाव लिहीत नाही, त्यांचं मीठ खाल्लंय. तिथे दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती, हुबेहूब वॉर्डासारखी. खाटा, सलाइनचे स्टँड, ऑक्सिजनची नळी, सगळं जिथल्या तिथे. फक्त खाटांवर माणसं नव्हती, रबराच्या बाहुल्या होत्या. छाती वरखाली होणाऱ्या, मनगट धरलं तर नाडी लागणाऱ्या. दारावर 'सिम्युलेशन लॅब' अशी पाटी होती, पण तो शब्द कुणाच्या तोंडात बसायचा नाही. सगळे बाहुल्यांची खोलीच म्हणायचे. नर्सिंगच्या मुली खऱ्या माणसाला हात लावण्याआधी तिथे हात बसवून घ्यायच्या. आता बाहुली घाबरत नाही, हात झटकत नाही, "सिस्टर, माझ्या लेकराला फोन लावा" असं म्हणत नाही. त्यासाठी एक जिवंत माणूस लागायचं, खोटंखोटं आजारी पडणारं. ती मी.

मला तिथे घेतलं दासरी मॅडमनी. त्या खोलीच्या सर्वेसर्वा त्याच. त्यांचं नीट व्हायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. झालं नाही.

मी भंडारा जिल्ह्यातली, धानाच्या मुलखातली. सातवीत शाळा सुटली. नवरा रस्ते बांधणाऱ्या कंपनीत रोलर चालवतो, त्यामुळे रस्ता जाईल तिकडे आमचं बिऱ्हाड. सोलापुरात आलो तेव्हा मला तिथलं ऊन सोसेना आणि तिथली बोली कळेना. दुकानात जायचीसुद्धा भीती वाटायची. शेजारच्या बाईने सांगितलं म्हणून कॉलेजात कामाला विचारायला गेले, झाडझूड मिळेल या आशेने.

टेबलामागे एक बुटक्या, रुंद बांध्याच्या बाई बसल्या होत्या. पांढरा कोट, कोटाच्या खिशावर उलटं टांगलेलं घड्याळ.

"शिक्षण?"

"सातवी जी," म्हणाले आणि उठायलाच लागले. पुढचं मला पाठ होतं.

"बस की! कुठं निघालीस? पडायला काय शिक्षण लागतंय? पडून दाखव."

मला वाटलं चेष्टा चालली आहे. पण त्या खुर्ची सरकवून पुढे येऊन उभ्या राहिल्या. "फीट आली म्हणून पड."

मी पडले. पडता पडता पदर सावरला.

"फीट आलेली बाई पदर सावरती व्हय गं?" त्या एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या की बाहेरचे शिपाई आत डोकावले आणि सगळेच हसले. मला रडू आलं. तेव्हा त्या खाली वाकल्या, माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि त्याच मोठ्या आवाजात शिपायांना म्हणाल्या, "हिलाच घ्यायचं. लाजती म्हणजे पेशंटसारखी हाय. निर्लज्ज पेशंट कुणी बघितलाय?"

त्यांच्या आवाजाची मला आधी फार धास्ती होती. नंतर कारण कळलं. त्यांचे वडील यंत्रमागावर विणकर. घरात तेलुगू, आणि चोवीस तास मागाची खडखड. "मागापाशी वाढलेली माणसं हळू बोलत नाहीत," त्या म्हणायच्या. "आमच्या घरात गुपित सांगायचं तर गल्लीला ऐकू जायचं." वडिलांना त्या 'नाना' म्हणत. घरातली बाकीची सगळी मुलं मागावर बसली, नानांनी यांना तेवढं शाळेत घातलं. वॉर्डात नर्स म्हणून आयुष्य काढल्यावर त्या शिकवायला आल्या होत्या.

पहिल्याच दिवशी मी खाटेवर पडले, मुलींनी विचारलं, "काय होतंय मावशी?" मी कण्हत म्हणाले, "पोट दुखून राहिलं जी."

"थांब, थांब!" मॅडम आल्या. "दुखून राहिलं? कुठं राहिलं? हितं पोट दुखून राहत नाही गं भंडारा, हितं पोट दुखायलंय." त्या मला माझ्या जिल्ह्याच्या नावानेच हाक मारायच्या. मग मधल्या सुट्टीत त्यांनी मला समोर बसवून सोलापूरचं आजारी पडणं शिकवलं. "आमचा म्हातारा ताप आहे म्हणत नाही. अंगात कसर हाय म्हणतो. छातीत दुखतंय म्हणत नाही, जीव घाबरायलाय म्हणतो. अक्कलकोटकडची बाई घाबरली की कन्नडमध्ये रडायला लागती. पोरींना ते कळलं पाहिजे. पुस्तकातला पेशंट कुणाच्याच वॉर्डात येत नाही."

बाजूला एक मुलगी उभी होती, उंच, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. ती म्हणाली, "मावशी, कसर म्हणताना एवढं तोंड वाकडं करू नका. आमची आजी लई बारीक आवाजात म्हणती. जणू कसर तिला ऐकू जाईल."

ही अश्विनी. मंद्रूपची. वडिलांची पिठाची गिरणी. मॅडमची सगळ्यात लाडकी, पण मॅडम लाड करायच्या तो ओरडूनच, त्यामुळे बाहेरच्याला वाटावं हिच्यावरच राग आहे.

मॅडमच्या हाताखाली मी काय काय झाले! हार्ट अटॅक आलेली, सापाने चावलेली, बाळंतपणात अंगावरून जास्त गेलेली. रक्तासाठी बीट उकळायचं आणि त्यात मैदा कालवायचा. उलटीसाठी पोहे भिजवून हळद. पोटात रक्तस्राव झाला की काळी संडास होते, ती दाखवायला मॅडम घरून कारळाची चटणी आणि पातळ केलेला गूळ आणत. एकदा कॉलेजचे कुणी विश्वस्त पाहुणे घेऊन खोली बघायला आले आणि त्या भांड्यात डोकावून नाकाला रुमाल लावून मागे सरले. मॅडमनी बोट बुडवून चाटून दाखवलं. "जरा तिखट झालीय साहेब. तुम्हाला देऊ?" साहेब जिन्यावरून गेले ते खाली जाऊनच थांबले.

त्या खोलीत एसी होता, सबंध कॉलेजात तिथेच. बाहेर सोलापूरचं ऊन रटरटायचं. मॅडम म्हणायच्या, "बाहुल्यांना उकाडा सोसत नाही. माणसांना सोसतो, असं वरच्यांचं मत हाय."

पण ज्याने मी त्यांची जन्माची ऋणी झाले ती गोष्ट वेगळी. सलग काही दिवस मी छातीत कळ आलेली बाई झाले होते. रोज घाम फुटलेला दाखवायचा, डावा हात धरायचा. मग घरी भाकरी थापतानासुद्धा मला छातीत दुखायला लागलं. खरंच दुखायचं. मी कुणाला बोलले नाही, नोकरी जाईल म्हणून. मॅडमनी एक दिवस माझा चेहरा पाहिला आणि सगळ्या मुलींना बाहेर काढलं. आधी खरी तपासणी करून घेतली, डॉक्टरला वर बोलावून. काही नव्हतं. मग मला नळाखाली तोंड धुवायला लावलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "नाव सांग तुझं. गाव सांग. लेकीचं नाव सांग. हां. आता तू ती बाई नाहीस. आजार हितं खाटेवर ठेवून जायचा, घरी न्यायचा नाही." त्या दिवसापासून प्रत्येक वेळी, कितीही घाई असो, हे झाल्याशिवाय मला दाराबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. मुली खिदळायच्या. माझ्या आयुष्यात माझं नाव मला एवढ्या वेळा कुणी विचारलं नव्हतं.

आणखी एक नेम. त्या खाटेवर कधी बसायच्या नाहीत, बाहुलीच्याही. "ती पेशंटची जागा. तिथं बसायला आपल्याला कुणी बोलावलेलं नाही."

आता ज्यातून सगळं झालं ते सांगते.

जीव जायची वेळ आली की वॉर्डात सात-आठ माणसं एकदम बोलतात. कुणी काय केलं ते कुणालाच कळत नाही. एकच औषध दोघी देतात, नाहीतर दोघी एकमेकींवर विसंबतात आणि कुणीच देत नाही. म्हणून मॅडमचा कडक नियम होता की जे कराल ते करा, आणि केलं की मोठ्यांदा सांगा. इंजेक्शन दिलं की 'दिलं' असं खणखणीत म्हणायचं, म्हणजे डॉक्टर पुढच्या कामाला लागतो. त्यासाठी माझ्या मांडीवर स्पंजची जाड चकती बांधलेली असायची. मुलीने औषधाची काचेची कुपी फोडायची, सुईत ओढायचं, स्पंजात टोचायचं आणि मग म्हणायचं, 'दिलं मॅडम!' अश्विनीचा आवाज घंटेसारखा. मॅडम बाकीच्यांना ऐकवायच्या, "असं म्हणायचं. शेवटच्या खाटेवरच्या माणसालाही कळलं पाहिजे."

मग सामान यायचं थांबलं. कुप्या नाहीत, सुया नाहीत, स्पंज विरून गेले तरी नवे नाहीत. मॅडमनी स्टोअरला खेटे घातले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "खोट्या पेशंटला खऱ्या सुया कशाला हो मॅडम?" आणि त्याच सुमाराला एक नवी बाहुली आली, परदेशी, निळ्या डोळ्यांची. तिची फीत कापायला माणसं आली, पेढे वाटले गेले.

मुली पुष्कळ, वेळ थोडा. कुपीच्या जागी आधी रिकामी डबी आली. मग सुईच्या जागी पेन. मग नुसतं बोट. बोट मांडीजवळ न्यायचं आणि 'दिलं' म्हणायचं. कुणी अडखळली, ट्रेमध्ये काही नाही म्हणून इकडेतिकडे बघायला लागली, की मॅडम टाळी वाजवून ओरडायच्या, "म्हणून टाक, पुढं चल! पेशंट चाललाय तुझा!" त्यांना ते पटत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं. पण दिवसभर तेच वाक्य. म्हणून टाक, पुढं चल. त्या दोन बॅचेस अशाच म्हणत म्हणत शिकून बाहेर पडल्या. त्यातली एक अश्विनीची.

अश्विनी आमच्याच दवाखान्यात लागली. पगार झाला त्या दिवशी मॅडमना आणि मला पेढे घेऊन आली. मॅडम म्हणाल्या, "पेढे काय आणतीस, वेणी सैल घाल जरा, कपाळ ताणलंय तुझं." आणि पेढा खाताना त्यांनी तोंड फिरवलं. डोळे भरलेले आम्हाला दिसू नयेत म्हणून.

ती गोष्ट त्यानंतर थोड्याच दिवसांत झाली. मोडनिंबचा एक तरुण पायाच्या जखमेसाठी भरती होता. दुपारी त्याला एक औषध सोसलं नाही. अंगभर गांधी उठल्या, घसा सुजला, श्वास अडकला. अशा वेळी एकच इंजेक्शन असतं आणि ते लगेच लागतं. डॉक्टरने ओरडून मागितलं. अश्विनी ट्रेपाशी होती. तिने हात मांडीपाशी नेला आणि वॉर्डाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "दिलं सर!"

डॉक्टर ऑक्सिजनकडे वळला. दिलंय म्हटल्यावर गुण यायची वाट बघत राहिले सगळे. गुण येईना. दुसरं इंजेक्शन भरायला कुणीतरी ट्रेकडे गेलं, तेव्हा पहिली कुपी तिथे तशीच होती. न फोडलेली. मग दिलं, पण उशीर झाला होता.

त्याच्या बायकोला बाहेर जाऊन सांगायचं कुणी, यावर आत बराच वेळ वाद चालला. शेवटी दासरी मॅडम वरून उतरून आल्या आणि त्याच गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

सबंध दवाखान्यात संध्याकाळपर्यंत एकच झालं. पोरगी खोटं बोलली. घाबरली, दिलं नाही, आणि दिलं म्हणाली. अश्विनी मात्र भिंतीला टेकून एकच बोलत होती, "मी दिलं मॅडम. माझ्या बोटाला आठवतंय. मी दिलं." कुपी तिच्यासमोर धरली तरी तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला बोलावलं. मुली नव्हत्या. त्यांनी वॉर्डातून मागून पाण्याच्या कुप्या आणि सुया आणल्या होत्या, उरलेल्यांतला एक स्पंज माझ्या मांडीवर बांधला. "तू मोडनिंबचा माणूस," म्हणाल्या. मग एकट्याच सगळं करायला लागल्या. नाडी धरली, ऑक्सिजन लावला, मान सरळ केली, तोंडाने सगळं म्हणत म्हणत, त्यांच्या नेहमीच्या झपाट्याने. हात माझ्या मांडीपाशी आला. "दिलं!"

मी डोळे उघडले.

"काय झालं?" त्या म्हणाल्या.

"टोचलं नाही जी मॅडम."

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. बोट. ट्रेमध्ये कुपी उभी होती, सुई कागदातच. मॅडम बसल्या. खाटेवर, माझ्या पायांशी. मला पाय हलवायचीही भीती वाटत होती.

"खोटं बोलली नाही गं ती," त्या म्हणाल्या. "तिच्या हाताला मी शिकवलंय हे."

चौकशीला तिघं साहेब बसले तेव्हा मॅडमनी हट्ट धरला की माझं ऐकू नका, डोळ्यांनी बघा. त्यांना खोलीत आणून खुर्च्यांवर बसवलं. अश्विनीच्या बॅचच्या, वॉर्डात कामाला लागलेल्या काही मुली बोलावल्या आणि दाराबाहेर उभ्या केल्या. कशासाठी ते सांगितलं नाही. आत मी पडलेली. ट्रेमध्ये भरल्या कुप्या, सुया, सगळं, आणि प्रत्येकीसाठी वेगळा कोरडा स्पंज. एकेकीला आत घ्यायचं, मी श्वास अडकल्यासारखं करायचं, मॅडम घड्याळ धरून ओरडणार.

पहिली आली. तिने कुपी फोडली, ओढलं, टोचलं, 'दिलं' म्हणाली. मॅडमनी माझ्या मांडीवरचा स्पंज सोडून साहेबांसमोर पिळला. पाणी गळलं. साहेबांनी माना हलवल्या. मी मॅडमच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना तो ओला हवा होता की कोरडा, मला सांगता येणार नाही. त्यांनाही आलं नसतं.

दुसरीचाही ओला. एक साहेब घड्याळ बघायला लागले.

तिसरी आत आली, धावत. नाडी, ऑक्सिजन, मान. मॅडम ओरडल्या, "जातोय पेशंट, जातोय!" तिचा हात माझ्या मांडीपाशी आला आणि गेला. "दिलं मॅडम!"

मॅडमनी स्पंज सोडला. पिळला. परत पिळला. थेंब नाही.

त्या मुलीला काही कळलं नाही. ती हसलीसुद्धा, आपलं बरोबर झालं म्हणून. मग तिचं लक्ष ट्रेकडे गेलं. कुपी पाहिली आणि तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. "अगं आई गं. मी... मी दिलं की मॅडम. दिलं की मी."

चौथीचाही कोरडा.

"बास," मॅडम साहेबांना म्हणाल्या. "बघितलं ना? ह्यातली एकतरी खोटं बोलायलीय असं वाटलं का तुम्हाला?"

मधले साहेब म्हणाले, "म्हणजे तुमचं ट्रेनिंगच चुकलंय मॅडम."

"व्हय. तेच सांगायलेय मी. माझं चुकलंय. तिचं नाव त्यातनं काढा."

"पण ती दिलं म्हणाली, आणि दिलं नव्हतं. बरोबर? याला आम्ही दुसरं काय म्हणायचं?"

"सवय म्हणा! म्हणायची सवय लागली, करायची मोडली. सामान देत नव्हता तुम्ही, म्हणून..."

"सामानाचा विषय इथे नको."

असं झालं. मॅडमनी इतकी वर्षं शिकवलेलं स्वतःच्या हाताने पिळून दाखवलं आणि उपयोग कुणालाच झाला नाही. निकाल आला तो असा की अश्विनी खोटं बोलली हे कायम, तिची नोकरी गेली. ज्यांचे स्पंज कोरडे निघाले त्या दोन मुलींनाही वॉर्डातून काढून घरी बसवलं. आणि शिकवण्यात हलगर्जी केली म्हणून मॅडमना बाहुल्यांच्या खोलीतून हलवलं. मॅडमनी त्या दोघींना वाचवायला बोलावलं नव्हतं, खरं, पण बुडवायलाही नव्हतं. त्या दोघींचे घरचे मॅडमना काय काय बोलले ते मी जिन्यात उभी राहून ऐकलं. मॅडमनी एकदाही तोंड उघडलं नाही. आवाज असलेली बाई गप्प उभी राहते तेव्हा बघवत नाही.

त्यांना धुण्याच्या विभागात पाठवलं, दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे गाऊन जिथे येतात तिथे. मी भेटायला गेले. मशीनची घरघर चालली होती आणि त्या चादरीच्या ढिगाऱ्यामागे उभ्या होत्या. "बघितलंस का भंडारा," म्हणाल्या, "नानांनी मला मागावरनं उठवून शाळेत घातलं. एवढं शिकून परत चादरीतच आले की मी." आणि हसल्या. मला हसता आलं नाही. मी विचारलं, "मॅडम, हे सोडून दुसऱ्या गावच्या दवाखान्यात का जात नाही तुम्ही?" तर म्हणाल्या, "आणि ती? तिचं कुणी बघायचं?"

तेव्हा मला कळलं की त्या दर सुट्टीला मंद्रूपला, अश्विनीकडे जातात.

वर खोलीत नवीन मॅडम आल्या होत्या. चांगल्या होत्या. स्पंज आले, सुया आल्या, भिंतीवर सूचनांचा मोठा रंगीत फलक लागला. मी पडून राहायचे आणि काम संपलं की उठून घरी जायचे. छातीत दुखायचं. कुणी नाव विचारलं नाही.

पुढे इथलं रस्त्याचं काम संपून नवऱ्याची कंपनी उठली, आणि आमचंही निघायचं ठरलं. निघण्याआधी मी मॅडमबरोबर मंद्रूपला गेले. त्यांनीच विचारलं, "येतीस का? तुझं बोलणं मऊ हाय. माझ्या आवाजाने ती दचकती."

एसटीतून उतरून चालत गेलो. गिरणी चालू होती, वडील पिठाने पांढरे होऊन दारात उभे होते. त्यांनी मॅडमना बघितलं आणि मान आत वळवली. या बसा नाही, जा नाही. आई बाहेर आली. "या बाई. तुमी आल्या की तेवढं बोलती ती. एरवी न्हाय. दार लावती, परत उगडती, परत लावती. म्हनती लावलं का न्हाय कळत न्हाय."

अश्विनी वेणी न घालता बसली होती. हात मांडीवर, तळवे वर, दुसऱ्याचे असावेत तसे ठेवलेले. मला ओळखलं. "मावशी, कसर हाय का अंगात?" म्हणाली, आणि मी हसले तोवर तिचं हसू संपलंही.

मॅडम खाली तिच्यासमोर बसल्या. "सोलापूरला चल. माझ्या घरी राहा. आपण दोघी हळूहळू परत करू सगळं. पहिल्यापासून. मी एकेक बघते."

"नको मॅडम."

"सगळे काय म्हणतात ते सोड. तू खोटं बोलली नाहीस. मला माहीत हाय. मी दाखवून दिलंय."

"खोटं बोलले असते तर बरं झालं असतं की," अश्विनी म्हणाली. फार शांतपणे. "खोटं बोलणं थांबवता येतं, मॅडम. हे कसं थांबवायचं? मला अजून आठवतंय, मी दिलं. सुई आत गेलेली आठवती मला. मग आता मला जे जे आठवतंय, त्यातलं खरं कुठलं धरायचं?"

आई मध्ये पडून म्हणाली, "चा करतीय का बाळा? पाव्हणे हायत."

अश्विनी उठून आत गेली. तिच्यामागे मॅडम गेल्या. मी उंबऱ्याशी बसून होते, आतलं सगळं दिसत होतं. अश्विनीने पातेलं गॅसवर ठेवलं, पाणी ओतलं. मग मॅडमकडे पाहिलं.

"ओतलंस," मॅडम म्हणाल्या.

पावडर टाकली. पाहिलं.

"टाकलीस. मी बघितली."

साखर. "घातलीस." दूध. "घातलंस की. उतू जाईल, बारीक कर."

चहाला उकळी आली. वास ओसरीपर्यंत आला. अश्विनी पातेल्यात बघत राहिली. मग तिने सांडशी घेतली, पातेलं उचललं आणि सगळा चहा मोरीत ओतून टाकला. पातेलं विसळलं. परत पाणी ठेवलं.

"हे असंच," आई माझ्या कानाशी म्हणाली. "बाई येत्यात, दिवसभर बसत्यात तिच्यापाशी. जेवत बी न्हायत."

दुसऱ्यांदाही ओतला. तिसऱ्यांदा मॅडम फरशीवर बसल्या, भिंतीला टेकून. दिवस कलला होता, घरी लेक वाट बघत होती, सामान बांधायचं होतं. मी आत डोकावून म्हणाले, "येते जी मॅडम." त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांची नजर त्या पोरीच्या हातावर होती. डोळे लाल झाले होते, पापणी मिटू नये म्हणून त्या भुवया वर ताणून धरत होत्या.

अश्विनीने साखरेचा डबा उघडला. चमचा आत घातला आणि थांबली. किती तरी वेळ थांबली.

"मॅडम, घातली ना मी?"

"घातलीस गं," मॅडम म्हणाल्या. "मी बघितलं."

मी दारातच उभी होते. चमचा अजून डब्यातच होता.